अंबरनाथ ते शहाड : वाटेवरचे देव
(शताब्दी सप्ताहात रात्रीच्या निरूपणात केलेले भाषण)



विणेकरी बुवा, टाळकरी मंडळी आणि माळकरी मायबहिणींनो, दिंडीच्या वाटेवरल्या देवस्थानांविषयी चार शब्द बोला, असा निरोप आला. यादीच वाचायची तर पहाटेचा काकडा होईल. बदलापूरला मुळगावचा खंडोबा, कोंडेश्वराचा महादेव, मग अंबरनाथ, पुढं उल्हासनगरचे पाच कॅम्प अन् शहाड. एवढ्या वाटेत देऊळ, दर्गा, दरबार, विहार, मशीद, चर्च सगळंच लागतं. आम्ही थोडक्यांपाशीच थांबतो.

सुरुवात अंबरेश्वरापासून. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शके ९८२ चं, म्हंजे इसवी सन १०६० चं. शिलालेखात तसं कोरलंय. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली १२९० साली. त्याच्याही सव्वादोनशेहून जास्त वर्षं आधी हा दगड इथं उभा होता. इतर देवळांत आपण पायऱ्या चढतो, इथं वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. वर शिखर उघडं, आभाळ दिसतं. आपल्या दिंडीचे पहिले वारकरी निघाले तेव्हा या देवळापासून कल्याणपर्यंत शेतं, माळ आणि आगगाडीचा रूळ. उल्हासनगर नावाचं गावच नव्हतं.

ते गाव झालं कसं, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात इथं सैन्याची छावणी होती, कल्याण कॅम्प. १९४७ ला देश फाटला अन् सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत राहिली. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. पण आजही पत्ता सांगताना माणूस 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतो. घर गेलं, शेत गेलं, पण देव मात्र त्यांनी डोक्यावर आणला. आपण पालखी खांद्यावर घेतो ती परत घरी यायच्या भरवशावर. त्यांची वारी एकाच दिशेची.

त्यांच्या दरबाराला ते टिकाणा म्हणतात. आपलं ठिकाणच की ते! आत गेलात तर डोक्यावर कापड घ्यायचं. समोर गुरू ग्रंथसाहिब, शेजारी झुलेलाल, कुठं राम, कुठं शंकर. कोणी म्हणेल, ही सरमिसळ कसली? तर मंडळी, त्या ग्रंथात आपला नामदेव आहे. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची एकसष्ट पदं घेतली. कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीदही आहेत. अन् नामदेवांच्या पदांत बीठल हे नाव जसंच्या तसं. नामदेव पंजाबात घुमानला राहिले, हे आपण कीर्तनात ऐकतो. पण तेच नामदेव सिंधवरून फिरून कॅम्पातल्या बराकीत येऊन बसलेत, हे कितीजणांनी जाऊन पाहिलंय? चंद्रभागेकाठचा शिंपी, पंजाबात वाचला गेला, सिंधमध्ये डोक्यावर घेतला गेला आणि निर्वासितांच्या गाडीतून पुन्हा मराठी मुलखात आला.

हे सांगायचं कारण आहे. २०२३ च्या सुरुवातीला इंदूरात ग्रंथसाहिबाच्या मर्यादेवरून वाद झाला अन् तिथल्या सिंधी मंदिरांनी ग्रंथ गुरुद्वारात नेऊन दिले. मर्यादा ज्याची त्यानं सांगावी, त्यात आम्ही कोण? पण पिढ्यान्पिढ्या ज्या घरात नामदेव वाचला, त्या घराची वेदी रिकामी झाली, याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

झुलेलाल तर पाण्याचा देव. माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा. गुढीपाडव्याच्या लगोलग त्यांचा चेटीचंड येतो, श्रावणाच्या सुमारास चाळीस दिवसांचं चालिहो व्रत. कणकेचा दिवा, साखर, फळं असा बहराणा सजवून वाजतगाजत पाण्यात सोडतात. सिंधमधल्या उदेरोलालला एकाच आवारात हिंदू दिवा लावतात अन् मुसलमान चादर घालतात. इकडं आपल्यात कुणाला ते नवल वाटेल, तर देहूची आठवण करा. तुकोबारायांची पालखी निघाली की पहिली आरती कुठं होते? अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतमांदियाळीतले, 'योगसंग्राम' त्यांचाच.

आता मलंगगडाचं बोलतो. बोलायचं टाळलं असतं, पण अंबरनाथहून मान वळवली की तो डोंगर दिसतोच. कोणी म्हणतं हाजी मलंगबाबांचा दर्गा, कोणी म्हणतं मच्छिंद्रनाथांची समाधी. वहिवाट पिढीजात ब्राह्मण केतकर घराण्याची. त्या वहिवाटीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९५४ साली न्यायालयानं म्हटलं की हे स्थान नुसत्या हिंदू किंवा नुसत्या मुसलमान कायद्यानं चालायचं नाही, त्याच्या स्वतःच्या रूढीनं आणि न्यासाच्या सर्वसाधारण कायद्यानं चालेल. माघ पौर्णिमेला तिथं आता भक्तांइतकेच पोलीस असतात. डोंगराखाली कोण निजलंय याचा निवाडा आम्ही करणार नाही. आपल्या गावची म्हातारी माणसं नवस फेडायला तो गड चढत होती अन् वर गेल्यावर एकमेकांना जात विचारत नव्हती, एवढं आम्ही ऐकत आलोय.

यंदा आपल्याही दिंडीत दोन मतं कानावर आली. शंभरावं वर्ष आहे, मशिदीपुढून जाताना टाळ आणखी जोरात वाजवा, हे एक. रस्ताच बदला, हे दुसरं. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. रस्ता आपला आहे तसा त्यांचाही. बांग चालू असली तर आजवर आपण टाळ छातीशी धरून मनात नाम घेतलंय. पाच मिनिटांत पांडुरंग कुठं जात नाही. मग नेहमीच्या ठेक्यात पुढं. जोर दाखवायला टाळ हातात घेतला की तो टाळ राहत नाही.

आणि विहार. वाटेवर पंचशील झेंडा दिसतो तिथं काही मंडळी मान फिरवून चालतात, हे आम्ही पाहिलंय. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो तिघा संतांना अर्पण केला. त्यातले एक आपले चोखोबा. ज्यांच्या समाधीवर माथा टेकून आपण महाद्वारातून आत जातो, ते चोखोबा. आणि ते द्वार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरीत प्राण पणाला लावून उपास करावा लागला. आपली दिंडी तेव्हा वीसबावीस वर्षांची होती. आपल्यातलेच लोक विठ्ठलाच्या नावानं नाचत होते आणि आपल्यातलेच काही दाराबाहेर उभे होते. दुसऱ्याच्या दारावर बोट ठेवण्याआधी एवढं ध्यानी असू द्या.

चर्चविषयी फार सांगण्यासारखं आमच्यापाशी नाही.

शेवटी नदी. अंबरेश्वराच्या पायथ्याची वालधुनी काकोळ्याच्या डोंगराकडून निर्मळ निघते आणि गावात शिरली की काळी होते. २०१४ च्या अखेरीस कोणी तरी तिच्यात रसायन ओतलं, तर शेकडो माणसांना वास लागून दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाऱ्यानं कोणाला धर्म विचारला नाही. आता महादेवाला यातलं पाणी घालायचं? बहराणा यात सोडायचा? इंद्रायणीवर फेस आला की आपण हळहळतो, वर्तमानपत्रात फोटो बघतो. वालधुनी तर आपल्या दारातली. सिंधी दरबारातल्या काही म्हाताऱ्यांशी आमचं बोलणं झालंय, निवेदनावर सह्या द्यायला ते तयार आहेत. विहारातली पोरं तर आपल्याआधीच कामाला लागलीत. मशिदीतल्या मंडळींना भेटायचं बाकी आहे. आपल्या सह्यांचा कागद विणेकरी बुवांकडे ठेवलाय, जाण्याआधी करून जा.

उद्याचं ऐका. काकडा झाला की अंबरेश्वराचं दर्शन. पायऱ्या ओल्या असतात, दहादहा जणांनीच उतरा, म्हाताऱ्यांचा हात धरा. बुक्का, कुंकू दगडाला फासू नका, हजार वर्षांची नक्षी आहे ती. कॅम्पात चहाची सोय दरबारात आहे, तिथं डोक्याला उपरणं बांधा. विठ्ठलवाडी स्टेशनच्या नावाला हात जोडून पुढं शहाडला विठ्ठलाच्या देवळात दुपारचा विसावा. बिर्लांनी बांधलेलं देऊळ, पण मूर्ती आपल्याच सावळ्याची. पखवाजाला पाण्यापासून जपा, आभाळ भरून आलंय.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!