केवायसीची यादी पाठ असू द्या



वसई-विरारमध्ये आपल्यातले बरेच जण भाड्यानं राहतात. अकरा महिन्यांनी घर बदलतं, वीजबिल मात्र घरमालकाच्या नावावर. मग बँकेचा मेसेज येतो, 'केवायसी अपडेट करा', आणि खातं अडकतं. घरात कुजबुज होते : आपलं नाव बघूनच अडवतात. कधी तसं घडतही असेल. पण भांडायचं तर नियम तोंडपाठ हवा. म्हणून आज नियमच सांगतो.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. खातं नक्की कोणाचं, हे बँकेनं तपासायचं. त्यासाठी सहा कागद ग्राह्य आहेत : पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. यातला एक पुरतो. रेशन कार्ड या यादीत नाही. पॅन किंवा फॉर्म ६० वेगळा द्यावा लागतो.

'आधारच आणा' म्हणाले तर? २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं बँक खात्यासाठी आधारची सक्ती रद्द केली. सरकारी अनुदान खात्यात हवं असेल, तर मात्र आधार लागतं.

आता पत्ता. नवं खातं उघडताना कागदावर जुना पत्ता असेल, तर दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, नाहीतर मालमत्ता कराची पावती तात्पुरती चालते. तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा मुख्य कागद द्यायचा. भाडेकरार या यादीत नाही. म्हणून करार रजिस्टर करा, त्यावर आधारचा पत्ता बदला, मग बँकेत जा. पत्ता बदलताना जिल्हाही बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, जुन्या कागदांवर अजून ठाणेच आहे. खातं जुनं असेल आणि काहीच बदललं नसेल, तर स्वघोषणापत्र पुरतं.

सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. एकाच घरात 'शेख'ची इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेची असते. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद' पूर्ण, पॅनवर अर्धं. आणि आपल्या बहिणींचं तर लग्नानंतर नावच बदलतं. नियम सांगतो : जुन्या नावाच्या कागदासोबत सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडली, की तो कागद चालतो. निकाहनामा जपून ठेवाच, पण विवाहाची सरकारी नोंदणीही करा. ती नसेल तर तिचं स्वतःचं खातं अडतं, आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात.

सहापैकी एकही कागद नसेल, तरी फोटो आणि सही-अंगठ्यावर 'छोटं खातं' उघडता येतं. शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला १०,००० काढता येतात, वर्षाला १ लाख जमा.

काउंटरवर नकार मिळाला, तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही. चौकशीसाठी नंबर १४४४८.

मुलांनो, एक ताकीदही. कमिशनसाठी आपलं खातं कुणाला 'वापरायला' देऊ नका. त्यातून चोरीचा पैसा फिरला, तर केवायसी तुमची आणि चौकशीही तुमचीच. गुन्हा सिद्ध झाला, तर तीन ते सात वर्षं सक्तमजुरी.

या रविवारी आई-वडिलांची फाईल उघडा. प्रत्येक कागदावरचं नाव, जन्मतारीख, पत्ता एका वहीत समोरासमोर लिहा. जिथे जुळत नाही, तिथे खूण करा. मग शेजारच्या खालांचीही फाईल बघून द्या.