प्रेमकथेचा हिशेब



मी प्रेमकथा लिहिते. असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू उमटतं. 'हो का? आमची हीसुद्धा वाचते हो तसलं!' असं पुरुष म्हणतात, आणि बायका आजूबाजूला कुणी नाही हे पाहून पुढची कादंबरी कधी येणार ते विचारतात. तर असं 'तसलं' लिहिणारी मी, मोहन्याला महिन्यातून एका रविवारी दुपारी लेखनाची कार्यशाळा घेते. अर्धा वेळ प्रेमकथा कशी लिहावी हे शिकवते, आणि उरलेला अर्धा वेळ तिचे पैसे कसे मागावेत हे. या दुसऱ्या अर्ध्याबद्दल पुष्कळांनी नाक मुरडलं. 'सरस्वतीच्या दारात कसला हो बाजार मांडलाय?' असंही एकानं विचारलं. म्हणून आज त्याविषयीच बोलायचं आहे.

लेखन शिकवता येतं का, हा वाद मराठीला नवा नाही. ना. सी. फडके यांचं 'प्रतिभासाधन' हे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झालं. प्रतिभा ही नुसती वाट पाहत बसण्याची गोष्ट नाही, तिची साधना करता येते, हा विचार त्या नावातच आहे. फडके प्राध्यापक होते, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण घराघरांत त्यांचं नाव झालं ते प्रेमकथांनी. पुढे नवकथेचा काळ आला आणि 'तंत्रवादी' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाऊ लागला. तो वाद समीक्षकांनी घालावा. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते, की लेखनाचं तंत्र मराठी माणसाला पुस्तक लिहून शिकवायला बसला तो एक प्रेमकथाकार होता.

हा योगायोग नव्हे. प्रेमकथेच्या वाचकाला शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो. ती दोघं एकत्र येणार, किंवा नियती त्यांना येऊ देणार नाही. तिसरं काही नाही. शेवट माहीत असलेल्या माणसाला अडीचशे पानं धरून ठेवायचं, तर नुसत्या भावना उपयोगाच्या नाहीत, कारागिरी लागते. आणि कारागिरी शिकवता येते.

अमेरिकेतही असंच झालं. १९८० साली ह्यूस्टन शहरात प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही संस्था काढली. एकाच दुकानाच्या एकाच फळीवर जागा मिळवण्यासाठी झगडणाऱ्या या लेखिका एकमेकींना शिकवू लागल्या. संवाद कसा लिहावा, हे तर होतंच. पण करारातलं कलम कसं वाचावं, हेही होतं. विद्यापीठं त्यांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा आपली शाळा आपणच काढावी लागली. त्या संस्थेचा पुढचा इतिहास मात्र सुखान्त नाही. २०१९ च्या अखेरीस वर्णभेदाच्या प्रश्नावरून तिथं मोठं भांडण झालं, सभासद भराभर गळाले, आणि मे २०२४ मध्ये संस्थेनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एकमेकींना शिकवण्याची ती रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आता मोहन्याकडे येऊ. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलात की शहाडनंतर आंबिवली, आणि तिथून जवळच उल्हास नदीच्या काठी मोहने. हे गाव एनआरसी कंपनीच्या पाळ्यांवर चालायचं. २००९ साली कंपनी बंद पडली. माझ्या वर्गात येणारी निम्मीअधिक माणसं त्या कंपनीशी कुठल्या ना कुठल्या नात्यानं बांधलेली आहेत.

पहिल्या दिवशी सगळे लिहून आणतात ती कथा एकच असते. त्यानं तिला दुसऱ्या कुणाबरोबर पाहिलं, गैरसमज झाला, शेवटी कळलं की तो तिचा मामेभाऊ होता. मी विचारते, 'अहो, तिनं एक फोन केला असता तर?' वर्ग हसतो. एका फोननं मिटतो तो अडथळाच नव्हे. मग मी म्हणते, तुमच्या गल्लीतला अडथळा शोधा. कंपनी बंद पडली. त्याला सुरतेला काम मिळतंय. तिची इथल्या शाळेत नोकरी आहे आणि घर तिच्याच पगारावर चालतंय. दोघांचंही बरोबर आहे. आता लिहा! वर्गात शांतता पसरते. ती शांतता मला फार आवडते, कारण तिथून खरी कथा सुरू होते.

चहा झाला की मी फळ्यावर आकडे मांडते. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि प्रती १०००. लेखकाला दहा टक्के मानधन ठरलं. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे २० रुपये, सगळ्या प्रती खपल्या तर २०,००० रुपये. पण करारात 'छापील किमतीवर' याऐवजी 'प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' असं असेल, आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिलेली असेल, तर प्रकाशकाच्या हाती येतात १२० रुपये. त्यावर दहा टक्के म्हणजे १२. हजार प्रतींचे झाले १२,०००. दोन्ही करारांत दहा टक्केच लिहिलेत, फरक मात्र ८,००० रुपयांचा! नायिकेच्या डोळ्यांवर तीन पानं लिहिणाऱ्या माणसानं करारातल्या या दोन शब्दांवर तीन मिनिटं घालवायला काय हरकत आहे?

मग कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्यानंतर ६० वर्षं, लेखनाचा हक्क टिकतो. फडके १९७८ साली गेले. त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०३८ च्या अखेरपर्यंत आहेत. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनं आली. तिचा उपयोग मला स्वतःला झाला. १९९८ साली माझी एक कादंबरी एकरकमी पैसे देऊन घेतली गेली; कागदावर मुदत नव्हती. दहा वर्षांनी तिची नवी आवृत्ती मला वाचनालयाच्या कपाटातच भेटली. प्रकाशकाचं नाव सांगत नाही. वकिलाचं चार ओळींचं पत्र गेलं आणि पुढची छपाई थांबली.

'एवढ्याशा प्रेमकथेचे कसले हो हक्क?' असं कुणी म्हणालं, तर मी दोन उदाहरणं देते. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरायच्या. त्यातल्या 'निलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. सुहास शिरवळकर २००३ साली गेले आणि त्यांच्या 'दुनियादारी'वरचा मराठी चित्रपट २०१३ साली आला. पुस्तक कधी, कोणत्या रूपात पुन्हा उभं राहील, हे सही करताना कुणालाच कळत नसतं. म्हणून छापण्याचा हक्क वेगळा, चित्रपटाचा वेगळा, ध्वनिपुस्तकाचा वेगळा, भाषांतराचा वेगळा. हे कप्पे डोक्यात हवेत.

गेल्या वर्षी वर्गातली एक बाई असाच एक कागद घेऊन आली. नवरा कंपनीत होता, आता भिवंडीच्या गोदामावर रखवालदारी करतो. ती रात्री भांडी आवरल्यावर मोबाइलवर हप्त्याहप्त्यानं कादंबरी लिहिते. एका प्रकाशकानं तिला १०,००० रुपये देऊ केले होते. कागदावर होतं, 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी.' वर्गात दोन तट पडले. कंपनीतून बाहेर पडलेले एक काका म्हणाले, 'घे पोरी, हातातले सोडू नकोस. आम्ही कागदावरच्या पैशांची वाट पाहत म्हातारे झालो.' त्यांना मी काय उत्तर देणार? दहा हजार रुपये त्या घरात थोडे नव्हते. मुलीच्या क्लासची फी भरायची होती.

मी तिला एवढंच म्हटलं, 'निर्णय तुझा. पण 'सर्व' आणि 'कायमस्वरूपी' या शब्दांची किंमत किती, हे एकदा विचारून तर ये.' ती गेली. फक्त छापण्याचा हक्क, पाच वर्षांसाठी, असं म्हणाली. उत्तर आलं, मग ४,०००. तिनं दोन दिवस विचार केला आणि चार हजार घेतले. फी दोन हप्त्यांत भरली. पुस्तक आलंय. बाकीचे हक्क तिच्याकडे आहेत, आणि अजून कुणी मागायला आलेलं नाही. ती शहाणी ठरली की काका बरोबर होते, हे मी आज सांगू शकत नाही. पण आपण काय विकलं आणि काय ठेवलं, हे तिला नेमकं ठाऊक आहे. माझ्या पिढीतल्या कितीजणींना ते ठाऊक होतं?

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. हल्ली लेखनाच्या कार्यशाळांचं पीक आलंय. तीन दिवसांत लोकप्रिय लेखक करून देतो असं कुणी म्हणालं, तर पिशवी उचला आणि घरी या. शिकवणाऱ्यानं स्वतः काय लिहिलंय ते वाचा. पुस्तक छापायला तुमच्याचकडून पैसे मागत असतील, तर ते प्रकाशन नव्हे, छपाईचं काम आहे. तसं समजून करायला हरकत नाही, पण मग प्रती किती, उरलेल्या कुणाच्या, हे आधी लिहून घ्या. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारकडून विनामूल्य मिळतो, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या घरात कुणी वहीत किंवा मोबाइलवर प्रेमकथा लिहीत असेल, तर हसू नका. तिला दोन गोष्टी विचारा. ती दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत? आणि करार वाचलास का?