खडूची भुकटी आणि हाताची पकड

(इचलकरंजी येथील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



शाळाभेटीच्या निमित्ताने क्रीडांगणावर गेलो म्हणजे एक दृश्य वारंवार नजरेस पडते. आडव्या दांड्यास लोंबकळण्यापूर्वी मुलगा वर्गात धावतो, खडूचा तुकडा दगडाने ठेचतो आणि ती पूड तळहातांस फासतो. भारोत्तोलक असेच करतात, हे त्याने दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. अनुकरण वाईट नव्हे. परंतु त्यामागील कारण आपण त्यास सांगावयास हवे.

मी ते वेळीच सांगितले नव्हते. नोकरीच्या आरंभी एका शाळेत, हातांस घाम येतो अशी तक्रार करणाऱ्या मुलास मीच ‘खडू लाव’ म्हटले. त्याने मूठभर फासला. दुसऱ्याच हेलकाव्यास हात सुटला आणि मनगट मोडले.

चूक कोठे झाली? घामेजलेला तळहात व लोखंड यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्यावरून हात निसटतो. भुकटीने तो ओलावा शोषून घ्यावा, एवढेच तिचे काम. भुकटी जाड बसली, की तिचे कण एकमेकांवरून घसरू लागतात. फरशीवर वाळू सांडल्यास पाय घसरतो, तसाच हा प्रकार. म्हणून जाणते खेळाडू भुकटी चोळून जास्तीची झटकून टाकतात. शिवाय त्यांची भुकटी मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा, क्वचित चुनखडीचा. नाव एक, वस्तू निराळ्या.

आपल्या भागास ही विद्या नवी नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ साली उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या घामट अंगावर माती टाकतो, ती पकडीसाठीच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, ते मात्र गादीवर. मातीत वाढलेल्या या मल्लास तेथे मुठीत घ्यावयास माती नव्हती. मल्लखांबाची तर उलटच रीत! तेथे त्वचा लाकडास अतिशय धरते, ती सोलू नये म्हणून खांबास एरंडेल लावतात. मुलांस हे विचारून पाहावे. विज्ञानाचा एक तास सहज रंगेल.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण एका किलोने हुकले. त्याच स्पर्धेत त्याचे कोपर दुखावले. भुकटी पकड देते, सांध्यास बळ देत नाही.

तेव्हा खडू फळ्यासाठीच राहू द्यावा. त्याची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते, ती निराळीच. हात धुऊन कोरड्या सुती फडक्याने पुसावेत. इचलकरंजीत फडक्यास तोटा नाही! मनगट मोडलेला तो मुलगा आज येथेच मागाच्या कारखान्यात आहे. भेटला की हसून उजवा हात पुढे करतो. मला मात्र हसू येत नाही. पुढील शाळाभेटीत दांड्याखालची माती उकरून मऊ केली आहे किंवा नाही, हे मी हजेरीपटाच्या आधी पाहणार आहे.