दोनशे अँपिअरचं मशीन, सोळा अँपिअरचा सॉकेट

मागच्या भागात ड्रिल आणि ग्राइंडरवर बोललो, तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, घरी वापरायला वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ? बजेट आठ हजार." तर आजचा भाग त्यावरच. इअरफोन लावा, शक्य असेल तर वही-पेन घ्या. थोडं गणित आहे, पण दहावीच्या पुढचं नाही.

आधी एका शब्दाचा घोळ. यूट्यूबवरचा अमेरिकन माणूस "गॅरेज प्रोजेक्ट" म्हणतो, तेव्हा त्याच्या घराला चिकटून दोन गाड्या मावतील अशी खोली असते. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे बाइकची क्लच प्लेट बदलतात. आपलं खरं गॅरेज म्हणजे पार्किंग, गच्ची, गावाकडची पडवी, नाहीतर गोठ्याशेजारची पत्र्याची शेड. त्यात तिकडच्या व्हिडिओतला अर्धा वेळ "१२० व्होल्टचं घ्यावं की २४० व्होल्टचं" यात जातो. आपल्या घरात सगळीकडे २३० व्होल्टच आहेत, त्यामुळे तो प्रश्न आपल्याला नाहीच. आपला प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे भिंतीतली वायर.

बाजारात कुठलंही स्वस्त मशीन बघा, त्यावर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेलं असतं. काहींवर २५०. हे म्हणजे मोबाइलच्या खोक्यावरचे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल. आकडा खोटा असेलच असं नाही, पण त्यावर निर्णय घ्यायचा नसतो.

आता गणित. रॉडने वेल्डिंग करताना आर्कचं व्होल्टेज किती धरायचं याचं एक ठरलेलं सूत्र आहे: अँपिअरला ०.०४ ने गुणा आणि त्यात २० मिळवा. ९० अँपिअरवर काम करताय? मग २३.६ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार झाला साधारण २१०० वॅट. मशीन स्वतः थोडी वीज खातं, कार्यक्षमता ८५ टक्के धरू, म्हणजे भिंतीतून २५०० वॅट घेतले. स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास धरला, तर सॉकेटमधून येणारा करंट होतो साधारण साडेपंधरा अँपिअर. तुमच्या घरातला गीझरचा, एसीचा मोठा सॉकेट किती अँपिअरचा असतो? सोळा.

म्हणजे ९० अँपिअरला तुमचा सॉकेट संपला. तेच गणित २०० अँपिअरला करा, उत्तर येतं ४० अँपिअरच्या पुढे. घराच्या सॉकेटवर ते मशीन २०० ला कधी चालणारच नाही. एमसीबी पडेल. आणि एमसीबी पडतो म्हणून कोणी "मोठा टाकून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी ३२ चा केला, तर आता फ्यूज म्हणजे तुमची वायर.

पण गंमत अशी की घरच्या कामाला ९० अँपिअर पुरतात. दुकानात "१२ नंबर" म्हणून जो रॉड मिळतो, तो अडीच मिलिमीटरचा. तो ६० ते ९० अँपिअरवर मजेत चालतो. त्याहून जाड १० नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचा, त्याला ९० ते १३० लागतात. आपण करणार काय? कुंड्यांचा स्टँड, चपलांचं रॅक, गेटची तुटलेली बिजागरी. त्यासाठी एक इंची स्क्वेअर पाइप, भिंत १६ गेज किंवा १४ गेज, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. अशा पाइपवर १३० अँपिअर मारले तर वेल्डिंग होत नाही, भोकं पडतात. ६०-७० अँपिअर, १२ नंबरचा रॉड, आणि सॉकेटवर भार जेमतेम दहा-बारा अँपिअर. वीजबिलाची भीती असेल तर तीही काढून टाका. प्रत्यक्ष आर्क वीस मिनिटं पेटलेला असेल तर एक युनिटसुद्धा होत नाही.

मग २०० चं मशीन का घ्यायचं, १२० चंच का नको? याचं उत्तर ड्यूटी सायकलमध्ये आहे, आणि खोक्यावर बघायची गोष्ट हीच. ड्यूटी सायकल दहा मिनिटांच्या हिशोबात मोजतात. "२०० अँपिअर, ३० टक्के" याचा अर्थ दहा मिनिटांत तीन मिनिटं २०० वर चालवा, सात मिनिटं थंड होऊ द्या. करंट कमी केला की ही टक्केवारी वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशोबाने हेच मशीन साधारण ११० अँपिअरला अखंड चालायला हवं. आपण ९० च्या खाली राहणार, म्हणजे मशीन निवांत. हा हिशोब ४० अंश तापमान धरून केलेला असतो. अकोला-चंद्रपूरकरांनो, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काम करणार असाल तर तुम्ही त्या ४० च्या वर आहात. संध्याकाळी करा. ज्या मशीनवर ड्यूटी सायकल लिहिलेलीच नाही, ते मी घेत नाही. लपवायचं काहीतरी असतं.

जुनं, चाकांवर ढकलायचं तांब्याच्या वाइंडिंगचं मशीन घ्यावं का, असंही एकाने विचारलंय. फॅब्रिकेशनवाल्याकडे असतं ते. ते बहुतेक वेळा थ्री फेजच्या दोन तारांवर चालतं आणि उचलायला चार माणसं लागतात. मजबूत आहे, धूळ-माती सोसतं, दुरुस्त करणारा गल्लीत मिळतो. पण घराच्या सिंगल फेजवर त्याचा उपयोग नाही. आपल्यासाठी इन्व्हर्टर. इन्व्हर्टर म्हणजे घरात लाइट गेल्यावर लागतो तो नव्हे. आत वीज हजारो वेळा चालू-बंद करून उच्च वारंवारतेवर नेतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा होतो आणि अख्खं मशीन पाच-सात किलोत बसतं. खांद्याला लावून गच्चीवर न्या. आतले स्विच आयजीबीटी असतील तर बरं. जुन्या मॉस्फेटवाल्या डिझाइनपेक्षा दुरुस्ती सोपी जाते. यावर ऑनलाइन भांडणं खूप आहेत, आपण पुढे जाऊ.

आता एक व्हॉइस नोट. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एक जण विचारतोय: "दादा, आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतंय, बल्ब पिवळा दिसतोय. मशीन चालंल का? आणि चाललं तर पहिलं काम आज्जीचा झोपाळा करायचाय." यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, म्हणून जरा थांबून बोलतो.

व्होल्टेजचं आधी. मशीन घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांचं मल्टिमीटर घ्या. सॉकेटवर व्होल्टेज मोजा. मग त्याच लाइनवर २००० वॅटचा गीझर लावा आणि परत मोजा. समजा २२५ वरून २०५ वर आलं. गीझर आठेक अँपिअर घेतो. मशीन त्याच्या दुप्पट घेणार, म्हणजे साधारण ४० व्होल्ट पडणार आणि तुमच्या मशीनला १८५ च्या आसपास मिळणार. आता मशीनच्या पाटीवर बघा, किती व्होल्टपासून चालतं ते. काही मशीन १६० पर्यंत सांभाळून घेतात, काही २०० च्या खाली गेलं की आर्क तोडतात आणि रॉड जॉबला चिकटून बसतो. हे मोजमाप फुकटातलं आहे आणि खरेदीआधी करायचं आहे. जमलंच तर वीजबिलावर "मंजूर भार" किती आहे तेही बघून ठेवा.

एक्स्टेंशन बोर्डाचंही इथेच सांगतो, कारण गावाकडे सॉकेट घरात आणि काम अंगणात असतं. साधी एक चौरस मिलिमीटरची वायर वीस मीटर टाकली आणि सोळा अँपिअर ओढले, तर बारा व्होल्ट वाटेतच गेले आणि त्या वायरमध्ये २०० वॅट उष्णता तयार झाली. गुंडाळी न सोडता वापरली तर ती उष्णता एका जागी साठते आणि इन्शुलेशन वितळतं. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, चारची मिळाली तर उत्तम, आणि पूर्ण उलगडून टाका. टोकाला सोळा अँपिअरचाच पिन टॉप. टेबलफॅनला लावतो तो बोर्ड नाही.

आणि झोपाळा. भावा, आज्जीचा झोपाळा पहिलं काम म्हणून नको. दहावं म्हणून कर. कारण सांगतो. वेल्डिंग वरून मस्त दिसू शकतं, माशाच्या खवल्यांसारखं, आणि आत लोखंड लोखंडाला धरलेलंच नसतं. कमी करंटवर रॉडचं लोखंड वितळून नुसतं वर बसतं, खालचा पाइप वितळलेलाच नसतो. रॅक असेल तर फार तर चपला पडतील. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला तोच सांधा उलटसुलट ताणला जातो, आणि खाली आज्जी आहे. गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाकीचा स्टँड, बाइकचा फ्रेम, ही सगळी त्याच यादीतली.

कधी करायचं? दोन पट्ट्या उलट्या टी सारख्या उभ्या-आडव्या ठेवा, एकाच बाजूने वेल्ड मारा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून उभी पट्टी वेल्डच्या दिशेने हातोड्याने पाडा, म्हणजे सांध्याचं मूळ उघडेल. पट्टी वाकली आणि सांधा टिकला तर छान. सांधा उघडला तर आत बघा. पट्टीची मूळ कड जशीच्या तशी, कापलेली धारदार दिसत असेल तर वेल्ड आत गेलेलंच नाही. असे दहा तुकडे लागोपाठ टिकले की मग बोलू झोपाळ्यावर. आणि तेव्हाही वरचे हुक एखाद्या जुन्या कारागिराकडून करून घे, त्याला दोनशे रुपये जास्त दे.

मिग घेऊ का, हा प्रश्न मुंबई-पुण्याकडून जास्त येतोय. खरं सांगायचं तर पातळ पाइपवर मिग शिकायला सोपं आहे. बटण दाबा, तार येत राहते. पण गॅसचं सिलिंडर, रेग्युलेटर हे सगळं आलं, आणि गच्चीवर वारा सुटला की गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये जाळी पडते. बिनगॅसची फ्लक्सवाली तार मिळते, तिला वाऱ्याचं वावडं कमी, पण ती साध्या तारेपेक्षा बरीच महाग, आणि पोलॅरिटी उलटी करावी लागते. आठ हजारात रॉडचंच मशीन घ्या. खोक्यावर "टिग" लिहिलंय म्हणून अ‍ॅल्युमिनियम जोडायची स्वप्नं बघू नका, त्याला एसी टिग लागतं आणि त्याची किंमत वेगळ्याच गावची आहे.

आता आठ हजार कसे वाटायचे. माझं मत: सगळे मशीनवर उडवू नका. पाचच्या आसपास मशीन. दीड हजाराचं आपोआप काळं होणारं हेल्मेट, काचेचा शेड १० पर्यंत तरी जाणारा. उरलेल्यात चामड्याचे लांब हातमोजे, चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश, आणि ई ६०१३ चा एक पुडा रॉड. मशीनबरोबर फुकट येणारी हातात धरायची काच आहे तशी ठेवून द्या. नवशिक्याला एक हात काचेत अडकवून काम जमत नाही, मग तो "फक्त टाका मारताना" डोळे मिटतो. पापणी पुरेशी नसते. अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा पडदा भाजतो आणि तेव्हा काही जाणवत नाही. पाच-सहा तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. मग कोणीतरी बटाटा किसून ठेवायला सांगतो. बटाट्याची भाजी करा, डॉक्टरकडे जा. शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोरांनाही हेच होतं, त्यांना आधी हाकला.

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, सुरुवातीला नकोच. मुलामा जळून पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. करायचंच असेल तर सांध्याजवळचा मुलामा घासून काढा आणि उघड्यावर करा. साधा एमएस पाइप घ्या, काळा असतो तो. तेलाचा किंवा डिझेलचा बंद बॅरल, कितीही रिकामा दिसला तरी, हात लावू नका, आतली वाफ पेटते. कोकणातल्या मंडळींनो, पावसाळ्यात ओल्या चपलांनी तर अजिबात नाही. रॉडच्या टोकाला आर्क नसताना ६०-७० व्होल्ट असतात, घामेजल्या हाताला ते पुरतात. व्हीआरडी नावाची सोय असलेलं मशीन हे व्होल्टेज खाली आणतं. पाच-सातशे जास्त गेले तरी तुमच्याकडे ते घ्याच.

दुकानात जाणार असाल तर पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापूरला उद्यमनगर. ऑनलाइन दोन-तीनशे वाचतात, पण दुकानात एक गोष्ट करता येते: १० नंबरचा अख्खा रॉड १०० वर जाळून दाखवा म्हणायचं. मधेच आर्क तुटतो का, पंखा नीट ओढतो का, ते बघा. करंट मोजायला क्लॅम्प मीटर नेणार असाल तर डीसी मोजणारा न्या, साधा स्वस्त मीटर फक्त एसी दाखवतो आणि मशीन डीसी देतं. बरोबरची केबल नखाने खरवडून बघा. वरून तांबं आणि आत चंदेरी असेल तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ती लवकर तापते. शेवटचा प्रश्न विचारा, "बोर्ड गेला तर दुरुस्ती याच गावात होते का?" दुकानदार "कुरिअर करावं लागेल" म्हणाला तर पलीकडच्या दुकानात जा.

एवढं आज पुरे. पुढच्या भागात आर्क पेटवायचा कसा आणि रॉड चिकटला तर काय करायचं, ते. गीझर लावून व्होल्टेज मोजाल तेव्हा दोन्ही आकडे आणि मशीनच्या पाटीचा फोटो पाठवा, चालेल की नाही ते सांगतो.