ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस



डेंग्यूच्या रुग्णाच्या घरी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘प्लेटलेट्स किती?’ आणि ताप उतरला की घर निर्धास्त होते. या दोन्ही सवयी आपल्याला फसवतात, हे मला आज मांडायचे आहे. प्रौढ माणसाचा डेंग्यू जिवावर बेततो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागल्यामुळे. आणि हे पाझरणे बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरताच सुरू होते. ते एक-दोन दिवस टिकते. सारा निकाल त्या अवधीत लागतो.

पाझरणे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. रक्ताने भरलेली केसासारखी बारीक काचेची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव राहतो. शंभरात लाल भाग किती, तो हिमॅटोक्रिट. तो 40 वरून 48 वर गेला तर रक्त वाढलेले नसते. त्यातले पाणी पोटात आणि छातीच्या पोकळीत उतरलेले असते. अशा वेळीही धडधाकट माणूस उशीला टेकून नीट बोलत असतो. मात्र 120/80 असलेला रक्तदाब 105/85 होतो. वरचा आकडा शंभरापुढे आहे म्हणून आपण समाधान मानतो. प्रत्यक्षात दोन आकड्यांतले अंतर 20 वर आलेले असते, हातपाय गार पडलेले असतात आणि शरीर आपली शेवटची शिल्लक खर्च करत असते.

हे कोणाच्या वाट्याला येते? डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. क्यूबात 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 मध्ये दुसऱ्याची. त्या दुसऱ्या साथीत 158 माणसे दगावली, त्यांत 101 मुले होती. पुढे डासांविरुद्धच्या मोहिमेने डेंग्यू जवळपास हटला. 1997 मध्ये सांतियागो द क्यूबा शहरात दुसरा प्रकार परतला, तेव्हा झालेले 12 मृत्यू सगळे प्रौढांचे होते. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांची डेंग्यूशी ती पहिलीच गाठ होती; 1977 चा संसर्ग होऊन गेलेले प्रौढ मात्र कोसळले. वीस वर्षे उलटूनही जुन्या संसर्गाचा हिशेब मिटलेला नव्हता. आपल्याकडे 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत 5 ते 45 वयोगटातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात अशा जुन्या संसर्गाची खूण सापडली, हे ध्यानात ठेवायला हवे.

कोणी म्हणेल, पहिल्याच संसर्गातही माणसे दगावतात. खरे आहे. म्हणूनच दुसरी बाजू तितकीच मोलाची : विषाणू कोणत्या शरीरात शिरला? मधुमेहात रक्तवाहिन्यांचे अस्तर आधीच कमकुवत झालेले असते. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, लठ्ठपणा, गरोदरपण, उतारवय यांनी धोका वाढतो. वृद्धांना ताप बेताचाच येतो, त्यामुळे निदान लांबते. त्यात अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतले तर रक्तस्राव ओढवू शकतो; पॅरासिटामॉल पुरेसे असते.

दुसरा आक्षेप प्लेटलेट्सचा. त्यांचा घसरता आकडा इशारा नक्की देतो, पण पिशव्या चढवून आजार वळत नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या 372 प्रौढांवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव नसताना खबरदारी म्हणून प्लेटलेट्स दिल्याने रक्तस्राव लक्षणीय टळला नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. मग सलाईन धो धो सोडावे का? तेही नाही. पाझरणे थांबले की बाहेर गेलेले पाणी रक्तात परतते, आणि जादा सलाईनने फुप्फुसे भरतात. वयस्क, हृदयविकाराच्या रुग्णात ही तारेवरची कसरत असते.

याचा अर्थ प्रत्येकाला दाखल करावे असा नाही. बहुतेक जण घरीच बरे होतात. पण ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. वेळेवर नीट उपचार मिळाले तर गंभीर डेंग्यूतही शंभरातला एखादाच दगावतो. तेव्हा यापुढे फोनवर प्लेटलेट्स विचारण्याआधी एवढे विचारा : ताप कधी उतरला, लघवी होते आहे ना, आणि हातपाय गरम आहेत का?