पाळीव कासवाचं घर

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, नाण्याएवढं पिल्लू म्हणून आणलेलं कासव पुढे वीतभर वाढतं. काचेचा गोल बाऊल त्याला पुरत नाही. मोठी टाकी घ्या, मनसोक्त पोहता येईल इतकं पाणी भरा, चांगला फिल्टर लावा. अंग पूर्ण कोरडं करायला पाण्याबाहेर दगड किंवा फळी हवीच. तिथे दिव्याची ऊब 30 ते 32 अंश ठेवा. शेजारी यूव्हीबी दिवा रोज 10 ते 12 तास लावा. त्यामुळे शरीरात ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, कॅल्शियम अंगी लागतं, कवच टणक राहतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन हे काम करत नाही. आणि एक कळकळीची विनंती: हे परदेशी कासव तळ्यात कधीही सोडू नका, देशी कासवांच्या अन्नात आणि जागेत ते वाटेकरी होतं.