क्लिअर कोण झालं?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘एका इंग्रजी क्रियापदाचे अर्थ’ असा छापलाय. तो वाचून शेजारच्यांनी विचारलं, “किती अर्थ आहेत हो?” म्हटलं, एकच. “मग तासभर काय बोलणार?” (हशा.) खरं तर तासाभरात आटपेल का, हीच मला काळजी आहे.

क्रियापद आहे ‘क्लिअर’. ‘उजळ, स्वच्छ’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं, हे आपण जाणताच. तिकडे वळत नाही. टेबल क्लिअर करतात, घसा क्लिअर करतात. जंगल, कर्ज, कस्टम्स, सगळं क्लिअर होतं. घोड्याने पाय न लागू देता कुंपण ओलांडलं, तरी त्याने कुंपण क्लिअर केलं. शब्दकोश या अर्थांना अनुक्रमांक देतो आणि आपण ते मोजत बसतो. माझं म्हणणं, घरच्यांना आता त्याचा वीट आलाय, एवढंच आहे की अर्थ मोजू नका, कर्म बघा. क्रियापदाने कुणाला पुढे बसवलं आणि कुणाला वाक्याबाहेर उभं केलं, ते बघा.

जेवणं झाली. इंग्रजीत ‘क्लिअर द डिशेस’ म्हणता येतं आणि ‘क्लिअर द टेबल’ही. पहिल्यात ताटं उचलली. दुसऱ्यात टेबल मोकळं झालं. ताटांचं काय झालं, वाक्य सांगत नाही. बेथ लेविन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये इंग्रजी क्रियापदांची मोठी वर्गवारी प्रसिद्ध केली. तीत काढून टाकण्याच्या क्रियापदांचे कितीतरी गट आहेत आणि त्यातल्या एका लहानशा गटाला नावच ‘क्लिअर’चं आहे. क्लिअर, क्लीन, ड्रेन, एम्प्टी, अशी चौकडी. ही चौघं वस्तूला कर्म करतात आणि जागेलाही. जागा कर्म झाली की वस्तूला ‘ऑफ’ लावून मागे बसवता येतं. बसवलंच पाहिजे असं नाही. माझं सगळं व्याख्यान या ‘असं नाही’वर उभं आहे.

(सभागृहातून एक बाई : “मराठीतही आहे की! घर आवरलं, पसारा आवरला.”)

अगदी बरोबर! अंगण झाडलं, पाला झाडला. विहीर उपसली, गाळ उपसला. बाईंनी माझं पुढचं पान वाचलेलं दिसतंय. (हशा.) आणि मराठी व्याख्यानमालेत इंग्रजी क्रियापद कशाला, असं मघाशी दारात एका गृहस्थांनी जरा घुश्श्यातच विचारलं, त्यांनाही उत्तर मिळालं असेल. मिळालं नसेल तर थोडं थांबा. मी काही इंग्रजीचं वकीलपत्र घेऊन आलेलो नाही.

आता एक उदाहरण. यासाठी चारच मिनिटं राखली आहेत.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला सदरलंड परगणा आहे. त्यात नेव्हर नदीचं खोरं, स्ट्रॅथनेव्हर. तिथल्या टोळ्यांचे सरदार तोवर जमीनदार झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सदरलंडच्या जमीनदारीने ठरवलं, की आतल्या खोऱ्यांत शेव्हियट जातीच्या मेंढ्या ठेवायच्या आणि माणसं किनाऱ्याला नेऊन वसवायची. पॅट्रिक सेलर हा जमीनदारीचा कारभारी. आणि ज्या मेंढ्यांसाठी खोरं मोकळं व्हायचं, त्यांचा धनीही तोच, कारण तिथली जमीन त्यानेच खंडाने घेतलेली! १८१४ च्या उन्हाळ्यात कुळांना घराबाहेर काढलं आणि छपरांची लाकडं पेटवली.

लाकडांपाशी थांबू या. तो मुलूख झाडांचा नव्हे. भिंती दगडाच्या, मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपांच्या. त्या कुठेही रचता येतात. तुळया नि वासे मात्र जिवापाड जपायचे. घर हलवताना भांड्याकुंड्यांबरोबर वासेही उचलून न्यायची रीत. वासे जाळले म्हणजे इथलं घर तर गेलंच, पुढच्या जागी उभं राहायचं घरही गेलं. बॅडिनलॉस्किन नावाच्या वस्तीत जवळजवळ शंभरीची, अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती. तिला उचलून शेजारच्या खोपटात ठेवली. काही दिवसांतच ती गेली.

चार मिनिटं संपली, कळतंय मला. पण खटला सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एप्रिल १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला सेलर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आरोप सदोष मनुष्यवधाचा आणि जाळपोळीचा. ज्युरीत बहुतेक जमीनजुमलेवाले. सेलर निर्दोष सुटला. इंग्रजीत याला काय म्हणतात? क्लिअर्ड! खोरं क्लिअर झालं तेव्हा माणसं गेली. माणूस क्लिअर झाला तेव्हा आरोप गेला. क्रियापद तेच, काम तेच. आणि ज्यांचे वासे जळले ती माणसं दोन्ही वाक्यांत नाहीत. इतिहासात या प्रकाराचं नाव ‘हायलंड क्लिअरन्सेस’ पडलं. नावात डोंगराळ मुलूख आहे, जणू तिथलं धुकं सरलं. खुद्द त्या लोकांच्या गेलिक भाषेतलं नाव मात्र ‘गेल लोकांची हकालपट्टी’ अशा अर्थाचं आहे. हाकललेल्यांनी आपलं कर्म बरोबर ओळखलं होतं. (हशा.) व्याकरणातलं कर्म म्हणतोय मी.

आणि हे एकट्या माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कार्ल मार्क्सने १८६७ च्या ‘दास कॅपिटाल’मध्ये सदरलंडची हकीकत घेतली आहे. त्या जर्मन मजकुरात ‘क्लिअरिंग ऑफ इस्टेट्स’ हे शब्द त्याने इंग्रजीतच ठेवले आणि लगेच खुलासा केला, की यात प्रत्यक्षात झाडली जातात ती माणसं. कपाळाला आठ्या घालू नका, मी मार्क्सवर बोलायला आलेलो नाही. व्याकरणापुरता तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे, इतकंच.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात. (हशा.)

मग कस्टम्स सोडतो, घसाही सोडतो. आपल्याकडचं मात्र सांगतोच. महाराष्ट्राचा १९७१ चा झोपडपट्टीविषयक कायदा. त्याच्या इंग्रजी नावात ‘इम्प्रूव्हमेंट, क्लिअरन्स अँड रिडेव्हलपमेंट’ आहे. क्लिअरन्स कशाचं, तर ‘स्लम एरियाज’चं, म्हणजे पुन्हा जागेचं. मराठीत आपण ‘निर्मूलन’ म्हणतो. झोपडपट्टी-निर्मूलन, गरिबी-निर्मूलन, हिवताप-निर्मूलन, सगळे एका रांगेत. ज्यांच्यावर बुलडोझर येतो ती माणसं ‘आमचं निर्मूलन झालं’ असं म्हणताना तुम्ही ऐकलंय? ती म्हणतात, “आम्हाला उठवलं.” धरणाखालची गावंही हेच म्हणतात. तिथे ‘आम्हाला’ वाक्याच्या तोंडाशीच येतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेचं नावही निघत नाही.

(सभागृहातून : “मी बँकेत होतो. चेक क्लिअर होतो, तेव्हा मोकळी झालेली जागा कुठली?”)

हा प्रश्न येणार होता आणि नेमका वेळ संपताना येणार होता! लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर अठराव्या शतकात बँकांचे कारकून एकत्र जमून चेकांची अदलाबदल करू लागले. चार्ल्स बॅबेज, तोच गणकयंत्रवाला, त्याने १८३२ च्या पुस्तकात ते क्लिअरिंग हाऊस वर्णन केलंय. सुमारे तीस कारकून, बँकांच्या अकारविल्हे मांडलेली टेबलं, प्रत्येकाजवळ एक उघडी पेटी. इतर बँकांचे लोक येऊन त्या पेटीत चेक टाकणार. तुमचं माझ्याकडे येणं, माझं तुमच्याकडे येणं, एकमेकांत वळतं करायचं आणि फरक तेवढा चुकता करायचा. मोकळी झाली ती खातेवही, आणि गेलं ते देणं. बरोबर?

(“पण मग वाक्याबाहेर कोण राहिलं?”)

कुणीच नाही! दोघंही पेढीवर समोरासमोर बसलेत, दोघांची नावं वहीत आहेत, त्यामुळे कुणाला वगळायची सोयच नाही. तुम्ही याला अपवाद म्हणाल. मी म्हणत नाही. का म्हणत नाही, त्याला आणखी वीस मिनिटं लागतील, आणि अध्यक्ष तर उभेच राहिलेत. (हशा.) आभाराचं भाषण होऊ द्या. बाहेर चहा आहे, तुमची बँक घेऊन तिकडे या.